सहीवर लटकलेला माणूस

घरी बसलेल्या माणसाला जेवण वेळेवर मिळो न मिळो, सल्ले मात्र अगदी वेळेवर मिळतात. आमच्या या गृहस्थाला ते अकरा महिने मिळत होते. शेजारी जिन्यात गाठून देत, न्हावी दाढी करता करता देई. आणि मेहुणा तर दर रविवारी येऊन, पंख्याखालची खुर्ची धरून, दोन कप चहा संपेपर्यंत देत बसे.

"भावोजी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा," मेहुणा बोट नाचवत म्हणाला. "मुलाखतीत 'मला येत नाही' हे तीन शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. सगळं येतं म्हणायचं. एकदा आत शिरलात की कोण बघतंय?"

"आणि आत शिरल्यावर नाही जमलं तर?"

"अहो, नोकरीत जमायचं काय असतं? वरच्याने विचारलं की 'झालंच म्हणून समजा' म्हणायचं आणि सही ठोकायची. सही म्हणजे काय हो, शाई!"

"दादा, तुझा चहा गार होतोय," बायको आतून म्हणाली. तिचा आवाज जरा चढलेलाच होता.

तसं पाहिलं तर सही ठोकायला आमच्या गृहस्थाला कोणी शिकवायची गरज नव्हती. बारा वर्षं तो एका मोठ्या कचेरीत तपासनीस होता, आणि आपणही त्याला तपासनीसच म्हणू. कागद यायचा, त्यावर 'तपासले' असा शिक्का बसायचा आणि खाली याची सही. याच्या आधी दोघांची सही असे, याच्यानंतर आणखी दोघांची. पहिल्याला वाटे, पुढे चौघं आहेत, ते बघतील. शेवटच्याला वाटे, आधी चौघांनी बघितलंय, आता मी काय वेगळं बघणार? असा तो पाच जणांनी तपासलेला कागद एकानेही न वाचता पार जायचा. हसू नका मंडळी! गेल्या महिन्यात न वाचता सही कोणी केली, त्यांनी हात वर करा म्हटलं तर माझा हात सगळ्यांत आधी वर जाईल, आणि तुमचाही फार मागे राहायचा नाही. पुढे त्या कचेरीत संगणक आला आणि पाचही तपासनीस घरी गेले. न वाचता शिक्का मारायला संगणकाला पगार लागत नाही.

तेव्हापासून घर बायकोच्या अंगावर होतं. सकाळी ती एका दवाखान्यात रोग्यांची नावं लिहून घ्यायला बसे, दुपारी एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करी. संध्याकाळी घरी आली की डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पाच मिनिटं गप्प पडे. "तुम्हाला पक्की नोकरी लागली ना, की मी दुपारचं काम सोडणार," असं ती चौथ्या महिन्यापर्यंत म्हणायची. मग म्हणायची थांबली. त्याला ते थांबणंच जास्त लागलं.

जाहिरात तिनेच आणली, दवाखान्यातल्या वर्तमानपत्रातून फाडून. उंचावर काम करणाऱ्या कामगारांसाठी सुरक्षा पट्टे बनवणारा कारखाना. तपासनीस पाहिजे.

कारखाना म्हणजे एका गल्लीच्या टोकाला असलेली लांबलचक पत्र्याची शेड. आत शिवणयंत्रांची ओळ, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या नायलॉनचा वास. खिडकीशी एक मोठं टेबल आणि त्यामागे पंचावन्न-साठीच्या एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. तपासणी विभाग म्हणजे या बाईच. अख्खा कारखाना त्यांना आक्का म्हणे, मालकसुद्धा.

मुलाखतीला पाच जण होते. आक्कांनी टेबलावर दोन पट्टे ठेवले. "यातला एक मी परत पाठवलाय. कोणता ते सांगायचं."

पहिल्या चौघांनी पट्टे उलटेसुलटे केले आणि ठणठणीत आवाजात बोट ठेवलं. आमच्या तपासनीसाची पाळी आली. मेहुण्याचा सल्ला अगदी जिभेच्या टोकावर होता. त्याने पट्टे पाहिले, शिवण पाहिली, कड्या पाहिल्या. दोन्ही सारखेच! काय झालं कोण जाणे, अकरा महिन्यांचा शीण असेल, त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला नाही कळत. दोन्ही सारखेच दिसतात."

आक्कांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग डोळे मिटून घेतले. एक पट्टा अंगठ्यावरून हळूहळू ओढत नेला आणि मधेच थांबवला. "इथे." तो भाग त्यांनी वाकवला तेव्हा शिवणीतून एक धागा उसवून वर आला, केसाएवढा. तपासनीसाने तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं.

"हे तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं कुठे? डोळे मिटले होते ना मी," आक्का म्हणाल्या. "त्या चौघांतल्या दोघांनी बरोबर सांगितलंय, पण अंदाजाने. अंदाज बरोबर येणारा माणूस मला नको, त्याची खोड मोडत नाही. तुला कळत नाही एवढं तरी तुला कळतं. सोमवारपासून ये. तीन महिने कच्चा, मग मालक कायम करतील."

नोकरी लागली! आणि तीही 'येत नाही' म्हणून! मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या घरात ते पहिल्यांदाच घडत होतं.

काम वरवर सोपं. प्रत्येक पट्ट्याला एक कापडी लेबल शिवलेलं, त्यावर क्रमांक, सहा चौकटी आणि खाली सहीची जागा. शाई न पुसणारी. सहा गोष्टी बघायच्या आणि प्रत्येक बघून झाली की एका चौकटीत खूण करायची. पट्टा अंगठ्यावर वाकवून शिवण उघडून बघायची. कडीच्या जोडावरून नख फिरवायचं. बकल तीनदा लावायचं, तीनदा सोडायचं आणि आवाज ऐकायचा. आक्का एका पट्ट्याला चार मिनिटं देत, ना कमी ना जास्त, आणि त्या चार मिनिटांत छप्पर कोसळलं तरी मान वर करत नसत. एकदा शिवणखात्यातली बाई पेढा मिळाल्यासारखी नाचत आली, मुलगी पास झाली म्हणून. आक्का म्हणाल्या, "तीन नंबरची चौकट चाललीय, थांब." ती बिचारी तशीच ताटकळत उभी. सहावी चौकट भरून, सही करून मगच आक्का उठल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली.

पहिल्या शुक्रवारी तपासनीसाने झुला पाहिला.

आठवड्याचा माल गाडीत चढायच्या आधी कारखान्यात झुला व्हायचा. शेडच्या मधोमध एका लोखंडी तुळईला साखळीची कप्पी टांगलेली होती, खाली जाड गादी. यंत्रं बंद झाली. सगळे गोल करून उभे राहिले. शिवणखात्यातल्या एकीने डोळ्यांवर फडकं बांधलं आणि ढिगात हात घालून एक पट्टा ओढला. मालकांनी लेबल वाचलं. "सही आक्कांची."

आक्कांनी गळ्यातला चष्मा काढून शेजारणीकडे दिला. पट्टा खांद्यांवरून, मांड्यांमधून घेऊन बकल लावलं, पाठीमागच्या कडीत साखळीचा हूक अडकवून घेतला. दोघांनी साखळी ओढली. आणि बघता बघता त्या बाई जमिनीवरून उचलल्या गेल्या! दोन पुरुष उंचीवर त्या अधांतरी, हात सोडलेले, पाय मोकळे. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. पूर्ण दोन मिनिटं त्या तशा लटकत होत्या आणि खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. बारा वर्षांत त्याने हजारो सह्या पाहिल्या होत्या, पण आपल्या सहीला स्वतःचं अख्खं वजन देणारं माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता.

"बत्तीस वर्षं झाली," शेजारचा साखळीवाला कुजबुजला. "जो सही करेल तो लटकेल. मालकांच्या वडिलांनी घातलेली रीत आहे. शितावरून भाताची परीक्षा."

तपासनीस मन लावून शिकू लागला. दुसऱ्या महिन्यात त्याचा अंगठाही बोलायला लागला. एकदा त्याने सैल टाका पकडला, तेव्हा आक्का नुसतं "हं" म्हणाल्या आणि तो दिवसभर शीळ घालत होता. पण मंडळी, बारा वर्षांची सवय काही दोन महिन्यांत मरत नाही. ती दबा धरून बसते आणि माणूस घाबरला की बाहेर येते.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा आठवडा. शुक्रवारी झुला झाला की मालक त्याला कायम केल्याचं पत्र देणार, असं ठरलं होतं. बायकोला त्याने सांगितलं होतं आणि तिने शिंप्याला सांगून टाकलं होतं की सोमवारपासून मी येणार नाही. बुधवारी एका मोठ्या मागणीचा माल तपासायला आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला बत्तीस मजल्यांची इमारत उभी राहत होती, तिच्या कामगारांसाठी दोनशे चाळीस पट्टे. आणि नेमकं त्याच वेळी आक्कांच्या नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं.

"शुक्रवारपर्यंत तू एकटा आहेस," आक्का जाताना म्हणाल्या. "नाही झालं तर नाही झालं म्हण."

बुधवारी त्याने शंभर पट्टे केले, गुरुवारी शंभर. एकेक पट्टा चार मिनिटं, एकही चौकट न चुकवता. मान मोडून गेली, पण काम चोख. शुक्रवारी सकाळी चाळीस उरले. सुपरवायझर सव्वादहाला टेबलाशी आला.

"गाडी दारात उभी आहे. अकरापर्यंत होईल का?"

सुपरवायझरने जबरदस्ती केली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्याने नुसतं विचारलं होतं. 'नाही हो, एक वाजेल' म्हटलं असतं तर गाडीवाला चहा प्यायला गेला असता, एवढंच. पण आजचा दिवस कसा! आज कसं 'नाही' म्हणायचं? मालकांच्या टेबलावर पत्र टाइप होऊन पडलेलं असणार. तपासनीसाच्या तोंडून मेहुण्याचंच वाक्य बाहेर पडलं.

"झालंच म्हणून समजा!"

पुढच्या दहा पट्ट्यांवर त्याने निदान हात फिरवला. मग घड्याळ बघितलं आणि पेन सुटलं. सहा खुणा वरून खाली एका दमात, खाली सही. दुसरा घे. सहा खुणा, सही. हातांना सगळं आठवत होतं. एकाही पट्ट्याची शिवण अंगठ्यावर वाकली नाही, एकही बकल वाजलं नाही. अकराला पाच कमी असताना टेबल मोकळं झालं. सुपरवायझरने पाठीवर थाप मारली. तपासनीसाने स्वतःची समजूत घातली. दोनशे चाळिसात चाळीस, म्हणजे सहात एक. नशीब काही इतकं वाईट नसतं. आणि शिवणखात्यातल्या बायका शिवतात किती छान!

आक्का इस्पितळातून थेट आल्या, झुल्याच्या वेळेला. "कसं काय?" त्यांनी विचारलं.

"सगळं झालं, आक्का."

"सगळं?" त्यांनी कौतुकाने पाहिलं. ते कौतुक त्याला झेपलं नाही. तो उगाच टेबल पुसू लागला.

यंत्रं थांबली. डोळ्यांवर फडकं बांधलेल्या बाईने ढिगात हात घातला, चाचपला आणि एक पट्टा ओढला. मालकांनी लेबल वाचलं, "दोनशे सव्वीस."

दोनशे सव्वीस! शेवटच्या चाळिसांतला. सगळे त्याच्याकडे हसून बघत होते, कारण हा त्याचा पहिलाच झुला. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मालकांच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं.

आता गंमत बघा. शंभरातले नव्याण्णव पट्टे चांगलेच असतात हे त्याला ठाऊक होतं. सकाळी ते पुरेसं वाटलं होतं. पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगाला होतं तेव्हा! आता स्वतःची हाडं त्यात अडकवायची म्हटल्यावर त्याला फक्त तो शंभरावा दिसायला लागला. पट्टा हातात घेतला, पण खांद्यावर चढवला नाही.

"मला... मला बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. "सकाळपासून पोटात ढवळतंय."

ते खोटंही नव्हतं म्हणा.

"पहिल्यांदा होतं असं," आक्का म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून शेजारणीच्या हातात दिला. "दे इकडे. मी लटकते."

"पण सही त्याची आहे, आक्का," मालक म्हणाले.

"मग? तीन महिने माझ्या शेजारी बसलाय तो. त्याने बघितलं म्हणजे मी बघितल्यासारखंच."

आणि त्यांनी पट्टा चढवायला सुरुवात केली. न बघता! ज्या बाई स्वतःच्या आईने दिलेला धागाही अंगठ्यावर ओढून बघतील, त्यांनी हा पट्टा वाकवला नाही, कडीवर नख फिरवलं नाही. याची सही होती, तेवढं त्यांना पुरलं. बकल लागलं. हूक अडकला. साखळी खडखडली आणि आक्कांच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"थांबा!"

तो एवढ्या जोरात ओरडला की साखळीवाल्याच्या हातून साखळी सुटता सुटता राहिली. तपासनीस धावला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने आक्कांचे पाय दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"खाली घ्या त्यांना! मी नाही बघितला तो पट्टा! शेवटचे एकही नीट नाही बघितले. नुसत्या सह्या केल्या!"

आक्कांना खाली घेतलं. त्यांनी बकल सोडलं, पट्टा घडी करून टेबलावर ठेवला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशेच्या पुढचे. चाळीस."

"आणि आधीचे दोनशे?"

"ते बघितलेत, आक्का. एकेक बघितलाय. शपथ घेऊन सांगतो."

आक्कांनी मान डोलावली. "बरं. मग ते दोनशे राहू देत. गाडीवाल्याला जेवून यायला सांगा."

मंडळी, इथे मी थोडा थांबतो. नुकताच पकडला गेलेला माणूस म्हणतो, 'बाकीचे खरे आहेत', आणि समोरची बाई त्यावर विश्वास ठेवते! हे औदार्य म्हणायचं की धाडस? मला अजून ठरवता आलेलं नाही. तपासनीसाला मात्र ते 'बरं' शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

आक्कांनी त्याच्या हातात कात्री दिली. चाळीस लेबलं त्याने स्वतः कापली, आपल्याच सह्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. शिवणखात्याने नवी लेबलं लावली आणि मग आक्कांच्या समोर बसून त्याने एकेक पट्टा तपासून पुन्हा सही करायला सुरुवात केली. चार मिनिटं. पुढचा. चार मिनिटं. मालक पाठीमागे हात बांधून उभे. दोनशे सव्विसावा पट्टा आला तेव्हा तपासनीसाने तो खिडकीच्या उजेडात धरला. शिवण पक्की. कडी पक्की. बकल तीनदा खणखणीत वाजलं. शेवटचा चाळिसावा पट्टा झाला. एकातही दोष नाही!

तपासनीसाच्या जिवात जीव आला. तो चक्क हसला. "बघा आक्का! सगळेच्या सगळे चांगले निघाले!"

"पट्टे चांगले निघाले," आक्का म्हणाल्या. "त्याचं श्रेय शिवणाऱ्यांना. तुझी सही खोटीच होती."

"पण नुकसान तर काही झालं नाही ना..."

"ऐक," त्यांनी त्याला मधेच तोडलं. "डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि गाडी आली नाही, म्हणजे रस्ता नीट ओलांडला असं होतं का? पट्टा कसा आहे ते सही सांगत नाही रे. 'कोणीतरी बघितलंय' एवढंच ती सांगते. वर चढणाऱ्याला वेळ नसतो, साधन नसतं, म्हणून तो स्वतःचे डोळे आपल्याकडे ठेवायला देतो. तू ते डोळे घेतलेस आणि मिटलेस."

मालकांनी खिशातलं पाकीट काढलं, त्याच्याकडे एकदा आणि आक्कांकडे एकदा बघितलं. "आक्का, काय करायचं? सरळ घरी पाठवतो."

"तुमचा कारखाना, तुमची मर्जी," आक्का म्हणाल्या. "पण मला विचाराल तर, गप्प राहिला असता तर पत्र मिळालं असतं याला. पट्टा चांगला होता. मी दोन मिनिटं लटकून खाली आले असते, कोणाला कळलं नसतं. समोर पत्र दिसत असताना हा 'थांबा' म्हणाला. मला तपासणीत 'थांबा' म्हणणारा माणूस लागतो. तीन महिने आणखी कच्चा ठेवा. आणि सोमवारी हे चाळीस पट्टे याला घेऊन जाऊ देत. ज्यांच्या अंगाला चढणार, त्यांच्या हातात यानेच द्यायचे."

मालकांनी पाकीट परत खिशात घातलं.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती नुकतीच आली होती, ओला रुमाल हातातच होता. शिंप्याला परत जाऊन विचारावं लागणार, आणखी तीन महिने काजं-बटणं, हे तिच्या ध्यानात आलंच असणार. ती रुमालाच्या घड्या घालत राहिली.

"चिडलीस?"

"चिडले तर आहेच," ती म्हणाली. "तीन महिने काढू कसेबसे. पण मला एक सांगा. ती वर चढणारी माणसं... त्यांच्या बायकांना माहीत असतं का हो, आपला माणूस कोणाच्या सहीवर वर गेलाय?"

तपासनीसाने तिच्या हातातला रुमाल घेतला आणि पुन्हा ओला करून आणला.

सोमवारी तो इमारतीवर गेला. मान मागे करकरेपर्यंत वर पाहिलं तरी तिचं टोक दिसेना. वरचे मजले नुसते खांब आणि तुळया, आणि वर, खूप वर, काही ठिपके हलत होते. ती माणसं आहेत हे समजायला त्याला वेळ लागला. खाली कामगार रांगेत उभे होते. वेल्डर होते, रंगारी होते, काचा बसवणाऱ्या दोन बहिणी होत्या. तो एकेकाच्या हातात पट्टा देत गेला. कोणी हसलं, कोणी नुसतं घेतलं आणि बोलता बोलता अंगावर चढवलं.

एक वेल्डर मात्र थांबला. पन्नाशीचा, भुवया ठिणग्यांनी जळलेल्या. त्याने लेबल वाचलं.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"तुम्ही स्वतः बघितलाय?"

"हो." आणि हे 'हो' खरं होतं. "सहाच्या सहा गोष्टी बघितल्यात."

"बरं," वेल्डर म्हणाला, आणि कामगारांना वर नेणाऱ्या पाळण्यात चढून गेला.

तपासनीस बघत राहिला. पाळणा लहान लहान होत गेला. बत्तिसाव्या मजल्याच्या कडेला तो माणूस पोहोचला, त्याने हूक एका तुळईला लावला आणि जिथे पुढे पाऊल टाकायला काही नव्हतं तिथे तो मागे रेलला. रेलला तो रेललाच! दोन्ही हात सोडले! एका हातात वेल्डिंगची काच, दुसऱ्यात नळी. खाली अख्खं शहर, त्यातले रस्ते, गाड्या, शाळा, आणि त्या सगळ्याच्या वर, आभाळात पाठ टेकून, एक माणूस निवांतपणे काम करत होता. ठिणग्या फुलत होत्या आणि वाटेतच विझत होत्या. तपासनीसाने नकळत हात जोडले. केवढा हा विश्वास! ज्याचं नाव माहीत नाही, ज्याला एकदाच, तेही मिनिटभर पाहिलं, त्याच्या चार मिनिटांवर या माणसाने आपला जीव टाकला होता. आणि अशी चाळीस माणसं होती त्या इमारतीवर. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही.

पुढे तीन महिन्यांनी मालकांनी पत्र समोर ठेवलं. "इथे सही करा."

तपासनीसाने पेन बाजूला ठेवलं. पत्र उचललं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. दोन पानं होती. मालक टेबलावर बोटं वाजवत बसले. सुपरवायझर येऊन गेला. दुसऱ्या पानावर सुट्ट्यांचं कलम होतं, ते त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "इथे वर्षाला बारा लिहिलंय, आणि खाली दहा. कुठलं खरं?"

मालकांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा पडला. त्या पत्रावर त्यांची स्वतःची सही आधीच होती!

खिडकीशी आक्का मान खाली घालून पट्टा तपासत होत्या. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते, पण चौथी चौकट चालू होती म्हणून त्या बोलल्या नाहीत.

मंडळी, आपण कोणी पट्टे तपासत नाही. कोणी औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचतो, कोणी वह्यांवर लाल खूण करतो, कोणी पुलाच्या कागदावर, कोणी पाण्याच्या नमुन्यावर सही करतो. नोकरी मिळवताना जे येत नाही ते 'येत नाही' म्हणा, आणि नोकरी करताना जे झालं नाही ते 'झालं नाही' म्हणा. त्याने फार तर एक गाडी दोन तास उशिरा सुटेल. आपल्या सहीवर कोण लटकलंय हे आपल्याला दिसत नाही, पण कोणीतरी लटकलेलं असतंच, दोन्ही हात सोडून. तेव्हा आधी नीट बघा आणि मगच पेन उचला.